मुलगा, मुलगी आणि स्किझोफ्रेनिया: किशोरवयातला फरक कसा वाचावा



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. माझ्या नावामागे 'डॉक्टर' लागतं, पण ते तत्त्वज्ञानातलं. मी औषध लिहून देत नाही आणि आजचं बोलणं ऐकून कुणी घरातल्या मुलाचं निदानही करू नये. मग या विषयावर मी का बोलतोय? याचं कारण एक विद्यार्थी आहे.

साधारण पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा बारावी कला शाखेला तर्कशास्त्र शिकवायचो. एक मुलगा होता, सतरा वर्षांचा. अकरावीत बरा बोलका होता, बारावीत मागच्या बाकावर एकटा बसायला लागला. एकदा फळ्यावर मी नेहमीचं उदाहरण लिहिलं: सर्व मनुष्य मर्त्य आहेत. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, हे वाक्य माझ्यासाठीच लिहिलंय का?" वर्ग हसला. मी हसलो नाही. मला वाटलं, काय खोल प्रश्न आहे! सामान्य विधानाचा स्वतःशी संबंध जोडणारा विद्यार्थी शिक्षकाला किती वर्षांनी भेटतो! मी वर्गासमोर त्याला शाबासकी दिली. पुढे त्याची हजेरी कमी झाली, उत्तरपत्रिकेत नुसती वर्तुळं यायला लागली, तरी मी म्हणायचो, 'विचार करणारा मुलगा आहे, परीक्षेत त्याला रस नाही.'

तो प्रश्न तत्त्वज्ञानाचा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की फळ्यावरचं वाक्य त्याला उद्देशून आहे. रेडिओवरच्या बातम्याही त्याच्याबद्दल आहेत, असं त्याला वाटायचं. त्याला उपचार मिळाले ते दोन वर्षांनी. त्या दोन वर्षांतला काही भाग माझ्या शाबासकीच्या खात्यावर जमा आहे, असं मी मानतो. म्हणून निवृत्तीनंतर या विषयावर वाचायला लागलो.

आजचा प्रश्न असा: हा आजार किशोरवयात येतो तेव्हा मुलगा आणि मुलगी यांच्यात काही फरक असतो का? असला, तर तो शरीरात आहे की आपल्या बघण्यात?

आधी आजाराविषयी थोडं

स्किझोफ्रेनियाला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. १९०८ मध्ये ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञानं हा शब्द वापरात आणला. ग्रीकमधले 'दुभंगणे' आणि 'मन' हे दोन शब्द त्यात आहेत. या नावानं एक मोठा गैरसमज पसरवला. लोकांना वाटतं, एकाच माणसात दोन व्यक्ती राहतात. तसं नाही. विचार, भावना आणि कृती यांचा एकमेकांशी असलेला मेळ सुटतो, असं ब्लॉयलरला म्हणायचं होतं. जपाननं तर २००२ मध्ये या आजाराचं जुनं नाव अधिकृतपणे बदलून टाकलं, कारण त्या नावामुळे रुग्णाच्या कपाळावर शिक्का बसायचा.

लक्षणांचे ढोबळमानानं तीन गट करतात. पहिला, जे नसायला हवं ते येतं: कानात आवाज येणं, कुणीतरी पाळतीवर आहे अशी पक्की खात्री वाटणं. यांना भास आणि संभ्रम म्हणतात. दुसरा, जे असायला हवं ते जातं: उत्साह, बोलणं, चेहऱ्यावरचे भाव, लोकांत मिसळण्याची इच्छा. यांना ऋण लक्षणं म्हणू. तिसरा गट लक्ष, स्मरण, कामाची आखणी यांत येणाऱ्या अडचणींचा. घरच्यांना पहिला गट घाबरवतो आणि त्यामुळे लवकर दिसतो. दुसरा गट कुणाला घाबरवत नाही. तो फक्त चिडवतो. 'आळशी झालाय' असं आपण म्हणतो तो बहुतेक वेळा हाच गट. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधल्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना हा आजार होता, म्हणजे साधारण ३०० जणांत एकाला. तेराव्या वर्षाआधी तो अतिशय दुर्मीळ असतो, आणि त्या थोड्या मुलांमध्ये मुलगे जास्त असतात. वयात येताना प्रमाण वाढायला लागतं.

नेकर नदीच्या काठी

आता जर्मनीत जाऊ. नेकर नदीच्या काठी हायडेलबर्ग नावाचं विद्यापीठाचं गाव आहे आणि जवळच मॅनहाइम हे औद्योगिक शहर. आपल्या विषयातली तीन माणसं याच परिसरातली. पहिला एमिल क्रेपेलिन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यानं हायडेलबर्गमध्ये रुग्णांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली आणि या आजाराला 'अकाली येणारा बुद्धिभ्रंश' अशा अर्थाचं नाव दिलं. तरुण वयात सुरू होतो, हे त्याच्या डोळ्यांत भरलं होतं. दुसरा कार्ल यास्पर्स. त्याच्याकडे नंतर येतो. तिसरा हाइन्झ हेफ्नर.

हेफ्नर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक काम हाती घेतलं. सुमारे १५ लाख वस्तीच्या त्या टापूत पहिल्यांदाच रुग्णालयात दाखल होणाऱ्या रुग्णांना ते भेटले. पहिल्या झटक्याच्या २३२ रुग्णांचा बारकाईनं अभ्यास केला. 'दाखल कधी झालात' एवढं विचारून ते थांबले नाहीत. रुग्णाला, घरच्यांना स्वतंत्रपणे विचारलं: पहिलं काय बदललं? झोप कधी गेली? मित्र कधी सुटले? आवाज कधी आले?

यातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, पहिलं लक्षण आणि पहिली भरती यांत सरासरी पाच वर्षांचं अंतर होतं. जवळपास तीन-चतुर्थांश लोकांत आजाराची सुरुवात आवाजांनी किंवा संशयानं झालीच नव्हती. उदासी, चिंता, लक्ष न लागणं, माणसांतून मागे सरणं अशा साध्या दिसणाऱ्या गोष्टींनी झाली होती. दुसरी गोष्ट, स्त्रियांमध्ये आजार पुरुषांपेक्षा सरासरी तीन-चार वर्षं उशिरा सुरू होत होता. पुरुषांत विशीच्या आगेमागे एक उंच टेकडी दिसते आणि मग उतार. स्त्रियांची टेकडी बुटकी आणि थोडी पुढे. शिवाय पंचेचाळिशीनंतर, पाळी जाण्याच्या सुमारास, एक लहानसा उंचवटा पुन्हा.

कारणं काय असावीत?

हा दुसरा उंचवटा संशोधकांना फार बोलका वाटला. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक वयात येताना वाढतं आणि पाळी जाताना घटतं. ते मेंदूला काही काळ संरक्षण देत असेल का? कॅनडातल्या मेरी सीमन यांनी हा विचार १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मांडला. उंदरांवरच्या प्रयोगांत इस्ट्रोजेनमुळे डोपामिन या रसायनाचा प्रभाव सौम्य होतो असं हेफ्नरच्या गटाला दिसलं. आणि भास-संभ्रमांशी डोपामिनचा संबंध आहे हे आधीपासून माहीत होतं. मेलबर्नच्या जयश्री कुलकर्णी यांनी २००८ मध्ये १०२ स्त्रियांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. नेहमीच्या औषधाबरोबर काही जणींना त्वचेवर लावायची इस्ट्रोजेनची पट्टी दिली, उरलेल्यांना औषध नसलेली पट्टी. २८ दिवसांत पहिल्या गटाचे भास-संभ्रम अधिक कमी झाले. याचा अर्थ उठून संप्रेरकाच्या गोळ्या घ्याव्यात असा अजिबात नाही. अर्थ एवढाच, की ही नुसती कल्पना नाही, तिला थोडा आधार आहे.

दुसरा धागा मेंदूच्या छाटणीचा. माळी जसा वाढलेल्या झाडाच्या फांद्या छाटतो, तसा किशोरवयात मेंदू चेतापेशींमधले नको असलेले जोड कमी करतो. ही छाटणी प्रमाणाबाहेर गेली तर हा आजार होत असेल, असं १९८२ मध्ये अर्विन फाइनबर्ग यांनी सुचवलं. २०१६ मध्ये सी-४ नावाच्या जनुकाचा या छाटणीशी आणि आजाराशी संबंध दाखवला गेला, आणि २०२० मध्ये असं दिसलं की त्याच जनुकाचा परिणाम पुरुषांमध्ये अधिक तीव्र असतो.

तिसरा धागा गांजाचा. डेन्मार्कमध्ये राष्ट्रीय नोंदींच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा अंदाज आला, की २०२१ साली पुरुषांमधल्या स्किझोफ्रेनियाच्या सुमारे १५ टक्के घटनांचा संबंध गांजाच्या व्यसनाशी लावता येतो. स्त्रियांमध्ये ४ टक्के. इथे शरीर आणि समाज यांची गाठ पडते. मुलगे गांजा जास्त ओढतात ही काही जनुकांची आज्ञा नव्हे.

पण किशोरवयात काय?

इथं एक वळण आहे. 'मुलींना उशिरा होतो' हे वाक्य ऐकून सोळा वर्षांच्या मुलीचे आईवडील निर्धास्त झाले तर ती चूक ठरेल. ज्या घरात आईवडील, भावंडं अशा जवळच्या नात्यात हा आजार आधीच आहे, तिथे मुलींना मिळणारी ही सवलत जवळपास नाहीशी होते, असं मॅनहाइमच्याच अभ्यासात दिसलं. आणि जिला पंधरा-सोळाव्या वर्षी आजार झालाच, तिला 'स्त्रियांमध्ये आजाराचा मार्ग जरा सौम्य असतो' या सरासरीचा फारसा उपयोग नाही.

का ते हेफ्नरनं छान दाखवलं. मोठ्या वयाच्या स्त्रियांची स्थिती पुढच्या काही वर्षांत पुरुषांपेक्षा बरी राहते, यामागचं एक कारण असं, की आजार येईपर्यंत त्यांचं शिक्षण झालेलं असतं, नोकरी, संसार, माणसं जोडून झालेली असतात. आजार त्यांच्याकडून काही काढून घेतो, पण हाताशी काही उरतं. विशीच्या आधी ज्याला आजार गाठतो त्याच्याकडे गमवायला अजून काही जमलेलंच नसतं. म्हणजे फरक मुलगा-मुलगी असण्याचा जितका, तितकाच आयुष्याच्या कुठल्या पायरीवर आजारानं गाठलं याचा. त्या पायरीवर मुलगी असेल तर तिचंही नुकसान तेवढंच.

चित्र मात्र काहीसं वेगळं दिसतं. मुलग्यांमध्ये ऋण लक्षणं जास्त: गप्प होणं, खोलीत कोंडून घेणं, अभ्यासात घसरण, आणि लहानपणापासून बोलणं, मिसळणं यांत थोडं मागे असण्याचा इतिहास अधिक वेळा सापडतो. मुलींमध्ये भावनांचा रंग जास्त: रडणं, उदासी, भीती, चिडचिड. म्हणून मुलीचं पहिलं निदान बरेचदा नैराश्याचं होतं. ही सगळी सरासरी आहे, बरं का. सरासरी नावाचा मुलगा कुठल्याच घरात जन्मत नाही.

बेंगळुरूमधलं उत्तर

आता भारतात येऊ. बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेतल्या संशोधकांनी हाच प्रश्न आपल्या रुग्णांना लावून पाहिला. त्यांचे निष्कर्ष १९९८ पासून प्रसिद्ध झाले. युरोपातला तो ठळक फरक त्यांना सापडलाच नाही; एका अभ्यासात तर तो उलटा निघाला. जगभरचे अभ्यास एकत्र केले तरी वयातला फरक मॅनहाइमपेक्षा बराच लहान होतो.

असं का? एक तर्क असा मांडला गेला, की जन्माच्या वेळी इजा झालेले मुलगे, ज्यांना पुढे लवकर आजार होण्याची शक्यता जास्त, ते बालमृत्यू जास्त असलेल्या देशात जगतच नाहीत, म्हणून लवकर आजारी पडणाऱ्या पुरुषांची संख्या कमी दिसते. अंगावर काटा आणणारा तर्क आहे. खरा असेल तर आपली 'समानता' ही दुःखाची समानता आहे.

मला इथे आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती तत्त्वज्ञानाच्या अंगानं महत्त्वाची आहे. आजाराची 'सुरुवात' ही तापमापीत दिसणारी गोष्ट नाही. कुणीतरी बघितलं, आणि बघून नोंद केली, तर ती सुरुवात. मग बघणारा कोण, हा प्रश्न येतोच.

आमच्या ओळखीच्या घरातली एक मुलगी. सोळाव्या वर्षी तिचे केस विंचरणं सुटलं. 'वर्गातल्या मुली माझ्याबद्दल कुजबुजतात' म्हणून रडायची. आई म्हणाली, वयच आहे तसं. मामा म्हणाला, कुणा मुलाचं प्रकरण असेल, मोबाइल काढून घ्या. मग एका बाबांकडे नेलं. मग उदासीच्या गोळ्या. एकोणिसाव्या वर्षी 'लग्न झालं की ताळ्यावर येईल' म्हणून लग्न. आठ महिन्यांत सासरच्यांनी परत आणून सोडलं, 'आमची फसवणूक केली' असं म्हणत. नीट निदान झालं एकविसाव्या वर्षी. आता सांगा, रुग्णालयाच्या कागदावर तिचा आजार कितव्या वर्षी सुरू झाला? एकविसाव्या. खरा सुरू झाला सोळाव्या वर्षी. असे कागद गोळा करून कुणी सरासरी काढली, तर 'मुलींना उशिरा होतो' हे आपोआप सिद्ध होईल!

मॅनहाइमचा फरक मात्र एवढ्यानं उडत नाही, हेही सांगितलं पाहिजे. कारण त्यांनी पहिल्या लक्षणापर्यंत मागे जाऊन विचारलं होतं. शरीरातला फरक असावा. पण आपल्या बघण्यातला फरक त्यावर चढतो, आणि आपल्या हातात आहे तो हा दुसरा.

फार लवकर समजून घेणं

आता यास्पर्स. तत्त्वज्ञ म्हणून प्रसिद्ध होण्याआधी तो हायडेलबर्गच्या मनोरुग्णालयात काम करत होता. १९१३ मध्ये, तिशीत, त्यानं मनोविकृतिशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं एक भेद केला: कारण दाखवणं वेगळं, समजून घेणं वेगळं. ताप जंतूमुळे आला हे कारण. नापास झाला म्हणून रडला, हे आपण आतून समजतो. त्यानं असंही बजावलं की काही अनुभव असे असतात की आपल्या नेहमीच्या समजुतीत ते बसत नाहीत. तिथे 'समजलं' असं वाटणं हीच चूक.

माझी चूक नेमकी ही होती. मला तो मुलगा फार लवकर समजला. त्या मुलीच्या मामालाही ती फार लवकर समजली. आपल्याकडे मुलग्यासाठी आणि मुलीसाठी तयार स्पष्टीकरणं वेगवेगळी असतात. मुलगा गप्प झाला की आळस, व्यसन, मोबाइल, माजोरीपणा, नाहीतर माझ्यासारख्या मास्तराला प्रतिभा. मुलगी गप्प झाली की वय, पाळी, प्रेमप्रकरण, नाटकं, अंगात येणं. दोन्हींचा परिणाम एकच, उशीर. आणि उपचाराला जितका उशीर, तितकं पुढचं सावरणं अवघड, हे या क्षेत्रात वारंवार दिसलेलं आहे.

'देवराई' हा २००४ चा मराठी चित्रपट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात आजारी आहे तो भाऊ, शेष. आणि त्याला सांभाळते ती बहीण, सीना. मी तो पाहताना सारखा विचार करत होतो: आजारी बहीण असती तर? भावानं तिला आपल्या घरी आणलं असतं का? उत्तर प्रत्येकानं स्वतःच्या घरापुरतं शोधावं.

उपचारांतला फरक

औषधांबाबतही मुलगा-मुलगी फरक आहे, आणि तो डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलण्यासारखा आहे. काही औषधांनी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं. मुलींची पाळी थांबते. काहींनी वजन वाढतं. सतरा वर्षांची मुलगी गोळ्या गुपचूप टाकून देते त्याचं कारण पुष्कळदा हे असतं, आणि वडिलांसमोर ती ते सांगू शकत नाही. तरुण मुलग्यांमध्ये काही औषधांनी मान किंवा जबडा अचानक आखडण्याचा त्रास जास्त होतो. एकदा तसं झालं की तो औषधाला शिवत नाही. दोन्हींवर उपाय आहेत: मात्रा बदलता येते, औषध बदलता येतं. फक्त आपल्या मनानं बंद करायचं नाही.

एक प्रश्न

व्याख्यानानंतर एका आजींनी विचारलं, "सर, मग आम्ही ओळखायचं कसं? या वयातली सगळीच मुलं विचित्र वागतात."

खरं आहे, आजी. एखाद्या दिवसाच्या वागण्यावरून नाही ओळखता येत. मी तीन गोष्टी बघायला सांगेन. पहिली, बदल: हे मूल सहा महिन्यांपूर्वी होतं तसं आहे का? दुसरी, घसरण: अभ्यास, मित्र, झोप, अंघोळ, जेवण यांतल्या दोन-तीन गोष्टी एकदम आणि सतत घसरतायत का? तिसरी, अर्थ: साध्या गोष्टींत त्याला स्वतःबद्दलचे इशारे दिसतायत का, कुणी नसताना आवाज ऐकू येतायत का? असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. बहुतेक वेळा हा आजार नसेलच, दुसरं काही असेल. त्यावरही उपाय मिळेल. मूल जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं, तर वाट बघू नका, त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुठं जायचं ते कळत नसेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, १४४१६ हा क्रमांक. मराठीतही बोलता येतं.

आणि वाद घालू नका. 'असे काही आवाज नाहीत' म्हणून सिद्ध करायला जाऊ नका. तर्कशास्त्र शिकवणारा माणूस सांगतोय, इथं तर्क चालत नाही. 'तुला भीती वाटतेय ना, मी आहे' एवढं म्हणा.

माझा तो विद्यार्थी आता पन्नाशीत आहे. औषध घेतो, भावाच्या दुकानात हिशेब बघतो. दोन वर्षांपूर्वी भेटला. म्हणाला, "सर, तुम्ही एकटेच माझ्यावर हसला नव्हतात." मी काही बोलू शकलो नाही. त्याला ती माया वाटली होती. पण त्या दिवशी त्याला शाबासकी नको होती. वर्ग सुटल्यावर कुणीतरी जवळ बसून "तुला असं का वाटलं रे?" एवढं विचारायला हवं होतं. मुलगा असो, मुलगी असो, तुम्ही ते विचारा.